परतीचा मजकूर

"ताई, हा सात नंबरचा माणूस कोण?"

इंजिनिअरबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. रविवारची सकाळ, सव्वानऊ वाजलेले, आणि सर्व्हरच्या खोलीत आम्ही दोघीच. खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. एसी गळतो म्हणून त्याच्याखाली बादली, आणि बादली कधी रिकामी करायची ते फक्त मला ठाऊक.

"सात नंबर?" मी म्हटलं. ऐकू आलं होतं, पण जरा वेळ काढायचा होता.

"ईमेलच्या पेट्यांच्या यादीत सातवी. कर्मचाऱ्यांच्या यादीत हे नाव कुठेच नाही. माणसं दोनशे चौदा आणि पेट्या दोनशे पंधरा, असं कसं?"

"जुनी असेल. राहिली असेल तशीच पडून."

"पडून?" त्यांनी माऊस हलवला. "आज सकाळी आठ चाळीसला उघडलीय. काल आठ चाळीसला. परवासुद्धा आठ चाळीसलाच."

आप्पांचं घड्याळ जन्मात कधी मागेपुढे झालं नाही. त्यांचा तो गुण त्या दिवशी माझ्या मुळावर आला.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात तान्ह्या बाळांना निजवून वजन करतात ते. त्या वर्षी कंपनी एका मोठ्या समूहाने घेतली, म्हणजे आमचं लग्न लागलं म्हणायचं, आणि सासरचं नाव लावायची वेळ आली. ईमेलच्या पत्त्यात 'ॲट'च्या पुढे कंपनीचं जे नाव असतं ते बदलायचं. ऐकायला सोपं, पण त्यासाठी दोनशे चौदा माणसांची वीस-बावीस वर्षांची पत्रं या जुन्या सर्व्हरवरून उचलून समूहाच्या नव्या सर्व्हरवर न्यायची, एकही न सांडता. जुन्या पत्त्यावर येणारं पत्र नव्वद दिवस नव्या पत्त्याकडे वळवायचं, आणि मग जुनं नाव सोडून द्यायचं. सोमवारी सकाळी माणसं कामावर आली की त्यांना काही झालंय हे कळताही कामा नये. त्यासाठी मुख्यालयातून या बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, डबा बरोबर आणणाऱ्या. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या होत्या, म्हणून तर खोटं बोलताना जीभ जड झाली.

"मॅडम," मी म्हटलं, "ती पेटी आमच्या आप्पांची आहे. ते बारा वर्षांपूर्वी रिटायर झाले."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणि अजून वापरतात?"

"हो."

"बरं. समजा, राहून गेली. पण हे काय आहे? चुकीच्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पत्र, म्हणजे कंपनीत ज्या नावाचं कुणी नाही असं कुठलंही पत्र, सरळ या पेटीत जातंय. रोज दहा-पंधरा. हे आपोआप होत नाही, ताई. कुणीतरी मुद्दाम लावलंय."

"मी लावलंय," मी म्हटलं. बादली भरत आली होती. ती उचलून रिकामी करून आले, आणि मग बसून सगळं सांगितलं.

मी या कंपनीत लागले ती पॅकिंगमध्ये, एकविसाव्या वर्षी. काट्यांना भुशात बसवायचं आणि खोक्यावर पत्ता लिहायचा. एके दिवशी आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क खाली आले, एक खोकं उचललं, आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" मला वाटलं, चूक सापडली. घाबरत हात वर केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर बसले होते. ते आप्पा. सगळी कंपनी त्यांना आप्पा म्हणायची, मॅनेजरसाहेबसुद्धा.

आवक-जावक म्हणजे येणारं आणि जाणारं टपाल. आलेल्या पत्राला नंबर द्यायचा, रजिस्टरात नोंद करायची, ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. कुठल्याही कचेरीत हे काम कुणाला नको असतं. आप्पांनी मात्र ते देवघरातल्यासारखं केलं. त्यांचा एक हट्ट होता. पत्रावरचं नाव चुकलेलं असो, माणूस सोडून गेलेला असो, विभाग बंद झालेला असो, पत्र परत पाठवायचं नाही. हातात घेऊन कंपनीभर फिरायचं, पण ते कुणाचं आहे हे शोधून काढायचं. शिपाई कंटाळायचे. "आप्पा, नाव चुकलंय, द्या ना परत," म्हणायचे. आप्पा म्हणायचे, "नाव चुकलंय रे, पण काम चुकलेलं नसतं. काटा बिघडल्याशिवाय कुणी तिकीट लावून पत्र टाकतं का?"

मग कॉम्प्युटर आले. आवक-जावक बंद करायचं ठरलं, आणि माझी खुर्ची जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मी घरी जाऊन रडून घेतलं होतं. आप्पा मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "टपाल ते टपाल. कागदावरून येवो की तारेतून, वाटायला माणूस लागणारच. ही मुलगी शिकेल." साहेब म्हणाले, बारावी झालेली बाई सर्व्हर कसा सांभाळणार? आप्पा म्हणाले, "नाही जमलं तर माझीही खुर्ची काढा." मी शिकले. तीन महिने पुस्तक आणि शब्दकोश शेजारी ठेवून शिकले, कारण आपल्यामुळे त्यांची खुर्ची जाऊ नये. मला लोक टपालताई म्हणू लागले ते तेव्हापासून. आज माझं घर आहे, मुलगी नर्स झाली आहे, आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मुख्यालयाची इंजिनिअर मला विचारून काम करते. या सगळ्याच्या मुळाशी आप्पांचं ते एक वाक्य आहे. असं ऋण फेडता येत नाही, आणि फेडू जाणं हाही एक आगाऊपणाच.

आप्पा रिटायर झाले तेव्हा सत्कार झाला, भाषणं झाली. आणि दुसऱ्या दिवशी पावणेनऊला आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर हजर. वॉचमनला वाटलं, काही विसरलं असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आत येत नसत, नुसते उभे राहायचे आणि साडेनऊला घरी जायचे. वॉचमनने त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. महिनाभर हे चाललं, आणि एका दुपारी त्यांच्या सूनबाईंचा मला फोन आला. "ताई, काहीतरी करा हो. बाबा पहाटेपासून तयार होऊन बसतात. जाऊ नका म्हटलं तर जेवत नाहीत. त्यांना तिथे तसं उभं बघवत नाही मला."

तेव्हा मी ते केलं. चुकीच्या पत्त्यावरची पत्रं तोवर माझ्याकडे येत आणि मी ती वाटत असे. ती मी आप्पांच्या पेटीकडे वळवली. 'भटकी' म्हणतो आम्ही त्यांना. कंपनीत चाळीस वर्षांत कोण कुठे होतं, कुणाचं काम कुणाकडे गेलं, हे आप्पांइतकं कुणालाच माहीत नाही. ते सकाळी आठ चाळीसला घरच्या कॉम्प्युटरवर बसत, पत्रं बघत, आणि ज्याचं त्याला धाडून देत. नऊच्या ठोक्याला मला त्यांचं एक पत्र येई, "आवक बारा. जावक बारा. शिल्लक नाही. आभारी आहे." बारा वर्षं. दिवाणखान्यात त्यांचं टेबल मांडलं गेलं, सूनबाई फुलस्केप वह्या आणून देऊ लागल्या, आणि गेटवरचं स्टूल वॉचमनला परत मिळालं.

"ताई," इंजिनिअरबाई हळूच म्हणाल्या, "बाहेरचा माणूस बारा वर्षं कंपनीची पत्रं वाचतोय. याचा अर्थ कळतो ना?"

"कळतो."

"कधी काही गडबड?"

"एकदा." मी सांगितलं. "एका दवाखान्याचं पत्र आलं, सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या सर्व्हिसवाल्याच्या नावे. बाळांचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय म्हणून. आप्पांनी पत्र धाडलं आणि वर मला फोन केला. 'पोरी, हे नऊपर्यंत थांबवू नकोस. अशक्त बाळ धडधाकट दिसेल त्यांना.' अकराला आमचा माणूस तिथे पोचला होता. एवढीच गडबड."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सर्व्हरचा पंखा घरघरत होता. पडद्यावर कुणाची तरी पत्रं सरकत होती, अठ्ठेचाळीस टक्के, एकोणपन्नास टक्के.

"मी ही पेटी नेऊ शकत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नवा सर्व्हर यादीबाहेरचं नाव घेतच नाही. आणि खरं सांगू? तो नियम बरोबर आहे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होता. उद्या माझ्या पगाराचं पत्र शेजारच्या काकांनी वाचलं तर मला चालेल का? आप्पा म्हणजे आप्पा, हे मला माहीत होतं. सर्व्हरला माहीत असायचं कारण नव्हतं.

"पाचला जुना सर्व्हर बंद करायचाय. तोवर तुम्ही त्यांना सांगा. मशिनने सांगण्यापेक्षा ते बरं." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "अहवालात मला लिहावं लागेल, ताई. जुनं खातं चालू आढळलं, बंद केलं. गैरवापराच्या रकान्यात 'आढळला नाही' लिहीन, कारण आढळलेला नाही."

धीर गोळा करता करता साडेबारा वाजले, तेव्हा कुठे मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला दुसऱ्यांदा रिटायर करायचं होतं. बोलले कशीबशी. नवं नाव, नवा सर्व्हर, नियम, पाच वाजता.

पलीकडे सूनबाईंचा कुकर शिट्टी देत होता.

"आप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. उद्यापासून भटक्या पत्रांचं काय करणार?"

"परत जातील. आपोआप. पाठवणाऱ्याला सूचना जाईल."

"काय लिहून पाठवणार?"

मी आत डोकावून बाईंना विचारलं. त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवलं, मी फोनवर तसंच म्हटलं, "वितरण अयशस्वी. प्राप्तकर्ता अस्तित्वात नाही. त्रुटी क्रमांक पाचशे पन्नास."

"अस्तित्वात नाही?" आप्पांचा आवाज इतका चढला की मी फोन कानापासून लांब धरला. "अगं, कुणी बिचारा अडचणीत लिहितोय, आणि आपण त्याच्या तोंडावर असं दार आपटायचं? त्रुटी कुणाची? त्याची? चाळीस वर्षं मी एक पत्र परत पाठवलं नाही, आणि आता पाठवायचं तर हे लावून?"

आपली पेटी जाणार याबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. मला रडूही येत होतं आणि हसूही.

"त्या बाईंना विचार," ते म्हणाले, "हा मजकूर बदलता येतो का?"

बाईंनी मान वर केली. "येतो. तसा रकाना आहे, कुणी कधी हात लावत नाही त्याला. पण दोनशेच अक्षरं मावतात."

"अक्षरं मोजायची सवय आहे म्हणावं मला. तारा पाठवल्यात मी. अर्धा तास दे." फोन बंद.

अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. एक वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या पेटीतून शेवटचं पत्र निघालं. मजकूर पहिल्याच फटक्यात बसला नाही, साठ शब्द झाले होते. त्यात 'सप्रेम नमस्कार' होता, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर' होतं. मी फोन केला, म्हटलं, आप्पा, अक्षरं जास्त होतायत. मग चालली घासाघीस. दिलगिरी काढा म्हटलं तर म्हणाले, नमस्कार काढतो. नमस्कार काढला, तरी भागेना. मी म्हटलं, 'आभारी आहोत' काढलं तर मावेल. तिकडून आवाज आला, "ते सोडून काहीही काढ."

इंजिनिअरबाई डबा पुढ्यात उघडा ठेवून, न जेवता ऐकत होत्या. शेवटी त्यांनीच दोन शब्द सुचवले, आणि आप्पांनी ते मान्य केले. हा मान त्यांनी आम्हांला फारसा कधी दिला नव्हता. बाईंनी मजकूर रकान्यात टाकला, दोनदा तपासला, आणि मग डबा खाल्ला. अर्धा मला दिला.

पाचला दोनशे चौदा पेट्या पलीकडे पोचल्या होत्या. मी जुन्या सर्व्हरचं बटण दाबलं, पंखा थांबला. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. "ताई," बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी त्यांच्याकडे जा. पावणेनऊच्या आत. इथलं मी बघते." सर्व्हर बदलल्यानंतरची पहिली सकाळ म्हणजे बोंबाबोंब, आणि मुख्यालयाची बाई ती एकटीच्या अंगावर घ्यायला तयार होती. त्या पेटीबद्दल ताकीद देणारं समजपत्र मला पुढे मिळालंच, ते मी मुकाट्याने घेतलं. पण त्या सकाळसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

सोमवारी साडेआठला मी आप्पांच्या दारात. सूनबाईंनी दार उघडलं आणि नुसतं आत बघून मान हलवली. आप्पा टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, समोर उघडी फुलस्केप वही. अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, कोणास, शेरा. कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर लिहिलं होतं, की प्रवेश मिळू शकत नाही.

"आठ चाळीस होऊ देत म्हटलं," ते म्हणाले. "उगाच आधीच बंद करून कशाला बसायचं?"

मी शेजारी बसले. वहीवरच्या त्यांच्या हाताकडे बघत राहिले. याच हाताने भुशातलं खोकं उचललं होतं.

"आप्पा, मी तुमचं काम काढून घेतलं," मी म्हटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलंच.

"वेडी की काय? साठाव्या वर्षानंतर माणसाचं काम संपतं. मला बहात्तरपर्यंत ठेवलं होतं कंपनीने, पुढची बारा वर्षं तू ठेवलंस. कुणाला मिळतं एवढं?" मग खिशातून रुमाल काढून मला दिला, आणि लगेच वळून म्हणाले, "सूनबाई, तुमचा फोन द्या बरं जरा. एक पत्र पाठवायचंय."

"कुणाला, बाबा?"

"मला."

सूनबाईंच्या फोनवरून, एकेक अक्षर दाबत, त्यांनी कंपनीच्या पत्त्यावर स्वतःच्या नावे पत्र लिहिलं. 'आवक काही?' एवढंच. पाठवलं, फोन टेबलावर ठेवला, आणि आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो.

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. आप्पांनी चष्मा चढवला, आणि दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसं, सावकाश, मोठ्याने वाचलं.

"आपले पत्र पोचले. ज्यांच्या नावे आहे ते येथे सापडले नाहीत. चूक आमचीही असेल. कृपया खालील क्रमांकावर फोन करावा, योग्य माणूस शोधून देऊ. आपण लिहिलेत, आभारी आहोत."

खाली माझ्या टेबलाचा नंबर होता. बोटांवर मोजून ते म्हणाले, "सव्वीस शब्द. बरोबर."

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला होता. आप्पांनी पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. ओठ हलत होते.

"राग नाही येत हे वाचून," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन उघडलं, वही पुढे ओढली, आणि बारा वर्षांच्या नोंदींखाली आणखी एक नोंद केली. नंबर घातला, तारीख घातली. 'कोणाकडून' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, 'कोणास' यातही तेच लिहिलं. शेऱ्याच्या रकान्याशी पेन थोडं थांबलं. त्या रकान्यात त्यांनी आजवर एकच शब्द लिहिलेला होता, 'पोच', पानंच्या पानं भरून. आता त्यांनी तितक्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'परत. तक्रार नाही.' शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले, आणि मग वही मिटून माझ्या हातात दिली.